धर्म पाळायचा एकानं, पावती दुसऱ्याच्या नावावर

शेजारच्यांचा गॅस ऐन पाहुण्यांच्या गडबडीत संपला आणि आपण आपला भरलेला सिलिंडर उचलून दिला, तर तो शेजारधर्म. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्लांचे असतात ते गुणधर्म. पंढरपूरला उतरायला धर्मशाळा. ट्रस्टची नोंदणी करायला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. आणि सरकारी अर्जावर नाव, वय, लिंग यांच्या खाली एक रकाना असतो, त्याचंही नाव धर्मच.

रामायण-महाभारतात हा शब्द पानोपानी येतो, पण अर्जावरच्या रकान्यातला अर्थ तिथे जवळपास कुठेच सापडत नाही. तो मनात धरून वाचायला बसलं की सगळं बिनसतं. ‘धर्माचा विजय झाला’ हे वाक्य मग एखाद्या मिरवणुकीच्या फलकासारखं वाटायला लागतं. मला विचाराल तर या ग्रंथांत शिरायला सर्वांत उपयोगी शब्द विज्ञानाच्या पुस्तकातला आहे: गुणधर्म.

निळा लिटमस लाल करणं हा आम्लाचा गुणधर्म. ते होत नसेल तर बाटलीवर चिठ्ठी काहीही असो, आत आम्ल नाही. ‘धृ’ म्हणजे धरून ठेवणं. त्या धातूपासून धर्म. जे एखाद्या गोष्टीला ती गोष्ट म्हणून धरून ठेवतं ते. राजानं प्रजेला राखणं हा राजाचा धर्म, म्हणजे जो राखत नाही तो मुकुट घालून बसलेला दुसराच कोणीतरी. मुलाचा धर्म, गुरूचा धर्म, यजमानाचा धर्म, युद्धात पाठ फिरवलेल्या शत्रूशी वागण्याचा धर्म, सगळं याच चालीवर.

इथवर सोपं आहे. अडचण अशी की आम्लाला एकच काम असतं, माणसाला एकाच वेळी दहा. तो मुलगा असतो, नवरा असतो, थोरला भाऊ असतो, राजा असतो, कोणाचा तरी शिष्य असतो. शिवाय या नात्यांपलीकडे खरं बोलावं, हिंसा करू नये, क्रोध आवरावा असे सगळ्यांना सारखे लागू असलेले नियम, ज्यांना साधारण धर्म म्हणतात. आणि जातीनं, वयानं, आश्रमानं ठरलेला स्वधर्म वेगळाच. हे सगळे धर्म एका रांगेत शहाण्यासारखे उभे राहिले असते तर महाभारत शंभर पानांत आटोपलं असतं. ते एकमेकांच्या अंगावर येतात. त्यालाच आपण मराठीत धर्मसंकट म्हणतो, आणि महाभारतातले वडीलधारे अशा वेळी एकच वाक्य बोलतात: धर्म सूक्ष्म आहे.

लहानपणी हे वाक्य ऐकलं की मला ती पळवाट वाटायची. आताही अर्धी वाटते. उरलेल्या अर्ध्यासाठी मी माझ्यापुरती एक युक्ती शोधून काढली आहे. एखाद्यानं धर्म पाळला असं ग्रंथ सांगतो तेव्हा मी विचारतो की ठीक आहे, पण पावती कोणाच्या नावावर फाटली? म्हणजे त्याच्या व्रताची, वचनाची, निष्ठेची किंमत मोजली कोणी? हा प्रश्न हातात घेऊन फिरलं की बरेच अंधारे कोपरे दिसायला लागतात. मजा म्हणजे प्रश्न माझा नाही. महाभारत स्वतःच तो अधूनमधून विचारतं.

खरं बोलून नरकात गेलेला माणूस

कर्णपर्वात, युद्धाच्या सतराव्या दिवशी, एक विलक्षण भांडण आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परतलाय. अर्जुन त्याची विचारपूस करायला येतो. युधिष्ठिराला वाटतं, कर्णाला मारूनच आला असणार. तसं नाही हे कळल्यावर त्याचा तोल जातो. तो अर्जुनाला नाही नाही ते बोलतो आणि शेवटी म्हणतो, तुला जमत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक.

अर्जुन तलवार उपसतो. कारण त्यानं मनोमन व्रत घेतलेलं असतं की ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं जो म्हणेल त्याचं मस्तक उडवायचं. व्रत पाळणं हा धर्म. समोर थोरला भाऊ आणि राजा, त्याला जपणं हाही धर्म. बाहेर कर्ण मोकळा फिरतोय आणि इथे हे चाललंय.

कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा ब्राह्मण नद्यांच्या संगमाजवळ राहायचा. फार शिकलेला नव्हता, पण ‘मी नेहमी खरंच बोलेन’ हे व्रत त्यानं घेतलं होतं आणि त्यासाठी त्याची ख्याती होती. एकदा दरोडेखोरांच्या भीतीनं पळत आलेली काही माणसं जवळच्या रानात लपली. मागोमाग दरोडेखोर आले. त्यांनी विचारलं, महाराज, तुम्ही तर सत्यवादी, ती माणसं कुठे गेली? कौशिकानं खरं ते सांगितलं. दरोडेखोरांनी जाऊन त्या सगळ्यांना मारलं. कौशिक नरकात गेला.

याच्या जोडीला कृष्ण उलटी गोष्टही सांगतो. बलाक नावाचा शिकारी, म्हाताऱ्या आंधळ्या आई-बापांना पोसण्यासाठी शिकार करणारा. एकदा त्यानं पाणी पिणारं एक आंधळं जनावर मारलं, आणि आकाशातून त्याच्यावर फुलं पडली. कारण ते जनावर सगळ्या प्राण्यांच्या जिवावर उठलेलं होतं. बलाकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याला घरी न्यायला शिकार हवी होती. ही दुसरी गोष्ट मला थोडी ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. पहिली मात्र डोक्यातून जात नाही. कौशिक खोटं बोलला असता तर त्याचं व्रत मोडलं असतं, तेवढं एक नुकसान त्याच्या स्वतःच्या खात्यावर पडलं असतं. ते त्याला नको होतं. त्यानं स्वतःचं सत्य स्वच्छ ठेवलं आणि पावती झुडपात लपलेल्यांच्या नावावर फाडली.

इथेच कृष्ण धर्माची ती व्याख्या सांगतो जी पुढे अनेकांच्या तोंडी झाली: धारण करतो म्हणून धर्म, धर्म प्रजेला धारण करतो. भाषणांत हे वाक्य एकटंच टाळ्या घेऊन जातं. कौशिकाच्या गोष्टीनंतर लगेच वाचलं की त्याची धार कळते. ज्यानं माणसं धरली जात नाहीत, उलट मारली जातात, ते कितीही नियमात बसलं तरी धर्म नव्हे.

मग अर्जुनाच्या व्रताचं काय? कृष्णाचा तोडगा असा आहे की तो वाचून हसू येतं. मोठ्या माणसाला ‘तू’ म्हटलं की त्याचा वधच झाला, म्हणून युधिष्ठिराला अरे-तुरे कर, व्रतही पाळलं जाईल आणि भाऊही वाचेल. संस्कृतात ‘भवान्’ म्हणायच्या जागी ‘त्वम्’. आपण मराठी माणसं थोरल्या भावालाही सर्रास ‘तू’च म्हणतो, त्यामुळे यातली नांगी आपल्याला एकदम लागत नाही. भर कार्यात सासऱ्यांना ‘तू गप्प बस’ म्हणून बघा, मग कळेल.

अर्जुन मनसोक्त बोलून घेतो. भावाच्या जुगारापर्यंत सगळं काढतो. आणि बोलून झाल्यावर त्याला इतकी लाज वाटते की तो पुन्हा तलवार उपसतो, आता स्वतःसाठी. कृष्ण पुन्हा मध्ये पडतो: स्वतःची स्तुती करणं म्हणजे आत्महत्याच, तेव्हा आपल्या तोंडानं आपले गुण गा. अर्जुन तेही करतो. मग युधिष्ठिर रुसतो, म्हणतो, भीमाला राजा करा, मी निघालो वनात. त्याची समजूत काढण्यात आणखी वेळ जातो. अठरा अक्षौहिणी सैन्याचं युद्ध या तंबूबाहेर चालू आहे हे क्षणभर विसरायलाच होतं. पण पाहा, नियमाचा शब्दही राहिला आणि कोणी मेलंही नाही. पावती फाटली ती दोघा भावांच्या अहंकाराच्या नावावर, जो खर्च कधीही परवडणारा असतो.

एका बाईचा प्रश्न आणि भरलेली सभा

आता सभापर्वाकडे. द्यूताचा प्रसंग आपल्याला इतका पाठ आहे की तो आपण नीट पाहिलेलाच नसतो.

युधिष्ठिर खेळायला बसतो तेही धर्म म्हणूनच. आव्हान आलं तर माघार घ्यायची नाही हे त्याचं व्रत, आणि बोलावणं वडिलांच्या जागी असलेल्या धृतराष्ट्राचं. एकेक करून धन, रथ, हत्ती, दासदासी, राज्य जातं. मग तो भावांवर येतो. पहिला पणाला लागतो नकुल. मग सहदेव. शकुनी लगेच डिवचतो: माद्रीचे दोघे तर मी जिंकले, भीम-अर्जुन मात्र तुला जास्त प्यारे दिसतात. या वाक्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ते लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. टोमणा लागतो, अर्जुन आणि भीम पणाला लागतात आणि जातात. मग युधिष्ठिर स्वतःला लावतो, हरतो. आणि त्यानंतर, शकुनीनं सुचवल्यावर, द्रौपदीला.

दुर्योधन प्रातिकामी नावाच्या सेवकाला अंतःपुरात पाठवतो. सिंहाच्या गुहेत कुत्रं शिरावं तसा तो आत गेला, असं व्यासांनी लिहिलंय. द्रौपदी रजस्वला आहे, एकवस्त्रा आहे. निरोप ऐकून ती रडत नाही, धावा करत नाही. ती त्याला परत पाठवते, एक प्रश्न देऊन: जा, त्या जुगाऱ्याला भर सभेत विचार, ‘किं नु पूर्वं पराजैषीरात्मानं मां नु भारत’. आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला?

वरवर पाहिलं तर हा वकिली मुद्दा आहे. दासाला स्वतःची मालमत्ता नसते. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर तो दास झाला, आणि दासाला बायको पणाला लावायचा हक्क उरतो कुठे? पण जरा थांबून पाहिलं तर प्रश्न त्याहून खोल जातो. नवरा म्हणजे मालक, आणि बायको म्हणजे लावता येण्यासारखी वस्तू, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. तिनं ते गृहीतच सभेच्या मध्यभागी आणून टाकलं.

प्रातिकामी परत येतो, प्रश्न सांगतो. युधिष्ठिर प्राण गेल्यासारखा बसलेला, हो नाही की नाही नाही. दुर्योधन म्हणतो, तिला म्हणावं इथे येऊन विचार. बिचारा सेवक पुन्हा आत जातो, पुन्हा बाहेर येतो, आणि घाबरत घाबरत सभेलाच विचारतो की मी तिला काय सांगू? त्या सभेत भीष्म आहेत, द्रोण आहेत, कृप आहेत, आणि उत्तराची काळजी एकट्या निरोप्याला. मग दुःशासन उठतो आणि तिला केस धरून ओढत आणतो. ते केस राजसूय यज्ञाच्या अखेरच्या स्नानात मंत्रांच्या पाण्यानं भिजलेले होते, एवढंही व्यास सांगायला विसरत नाहीत.

आता भीष्म बोलतात. ‘न धर्मसौक्ष्म्यात् सुभगे विवक्तुं शक्नोमि ते प्रश्नमिमं यथावत्.’ धर्म सूक्ष्म असल्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता येत नाही. ज्याच्याकडे स्वत्व नाही त्याला दुसऱ्याचं काही लावता येत नाही हे खरं, पण स्त्रिया नवऱ्याच्या अधीन असतात हेही दिसतं. दोन्ही बाजू मांडल्या आणि थांबले. हाउसिंग सोसायटीच्या सभेत मी असं मौन पाहिलंय. एका विधवा बाईचं पार्किंग काढून घेण्याचा ठराव होता. नियम माहीत असलेले ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘तांत्रिकदृष्ट्या दोन्ही बाजूंनी बोलता येईल,’ आणि चहाचा कप उचलला. त्या दिवशी मला भीष्म पहिल्यांदा नीट कळले.

उभा राहतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. तो म्हणतो, शिकार, मद्य, जुगार आणि विषयासक्ती ही राजांची चार व्यसनं. व्यसनात बुडालेल्या माणसानं केलेला व्यवहार लोक मानत नाहीत. द्रौपदी पाचांची आहे, एकट्याची नव्हे. युधिष्ठिरानं आधी स्वतःला हरून मग तिला लावलं. तिचं नाव काढलं ते शकुनीनं. म्हणून मी तिला जिंकलेली मानत नाही. मुद्देसूद, चार वाक्यांत. त्याला गप्प करतो कर्ण: सर्वस्व पणाला लावलं तेव्हा द्रौपदी त्या सर्वस्वात आलीच. आणि ती तशीही सभ्य स्त्री नव्हे. युक्तिवाद कमी पडला की चारित्र्य काढायचं, ही रीत तेव्हाचीही.

वस्त्रहरणाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहत ते काम १९६६ मध्ये पुरं झालं, वि. स. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक, ते काम अर्ध्यात असताना १९४३ मध्ये गेले. त्या आवृत्तीतलं सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं. त्यात द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावा मुख्य पाठात नाही, तळटीपेत गेलाय. वस्त्रामागून वस्त्रं प्रकट होतात, एवढंच मुख्य पाठ सांगतो. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना डोळे पुसणाऱ्या आमच्या आजीला हे मी कधी सांगितलं नाही. पण धावा बाजूला केला की एक गोष्ट लख्ख दिसते: त्या सभेत द्रौपदीचं मुख्य शस्त्र तिचा प्रश्नच होता, आणि वस्त्रं मिळाल्यावरही तिनं तो खाली ठेवला नाही.

विदुर तेव्हा सभेला एक जुनी गोष्ट सांगतो, प्रल्हाद, त्याचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्या वादाची. सार असं की जाणत्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर पाप त्यालाही लागतं. आणि मग चक्क हिशेब मांडलेला आहे. सभेत निंद्य गोष्ट घडली आणि तिची निंदा झाली नाही, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाचा, पाव करणाऱ्याचा, पाव गप्प बसलेल्या सभासदांचा. करणाऱ्याला पाव आणि खुर्चीवर बसलेल्याला अर्धा! मी म्हटलं ना, पावतीचा प्रश्न माझा नाही.

हे ऐकूनही कोणी बोलत नाही. द्रौपदी पुन्हा विचारते. भीष्म दुसऱ्यांदा तोंड उघडतात आणि या वेळी जे म्हणतात ते माझ्या मते साऱ्या महाभारतातलं सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत लाजिरवाणं वाक्य आहे: बलवान माणूस ज्याला धर्म समजतो, वेळ आली की लोक त्यालाच धर्म म्हणतात. मग ते चेंडू युधिष्ठिराकडे टोलवतात. तो गप्पच.

शेवटी सुटका होते ती कोणी न्याय दिला म्हणून नव्हे. धृतराष्ट्राच्या अग्निगृहात कोल्हा ओरडतो, अपशकुन होतात, म्हातारा घाबरतो आणि द्रौपदीला वर माग म्हणतो. पहिल्या वरानं ती युधिष्ठिराला सोडवते, माझ्या मुलाला, प्रतिविंध्याला, कोणी दासपुत्र म्हणू नये म्हणून. दुसऱ्यानं उरलेल्या चौघांना, रथ आणि धनुष्यांसह. तिसरा वर ती नाकारते. लोभानं धर्म बुडतो, म्हणते; वैश्यानं एक वर मागावा, क्षत्रिय स्त्रीनं दोन, राजानं तीन. भर सभेत जिची विटंबना झाली तिनं मर्यादा अशी मोजून सांगितली, आणि ती ऐकत होते ते ज्यांना कुठे थांबावं हे कळलं नव्हतं.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र कोणीच दिलं नाही.

रामायण सरळ आहे, असं म्हणतात

महाभारतात गोंधळ, रामायणात आदर्श, अशी वाटणी आपण शाळेपासून करतो. ती पुष्कळशी बरोबर आहे. राम राज्य सोडतो, भरत मिळालेलं राज्य नाकारतो, दोघे एकमेकांना ‘तूच घे’ म्हणून भांडतात. पावती जो तो आपल्याच नावावर फाडायला बघतोय. म्हणून ते घर आपल्याला आदर्श वाटतं.

पण अयोध्याकांड वाचताना दिसतं की तिथेही उत्तर आयतं नव्हतं. लक्ष्मण सरळ म्हणतो की वडिलांची बुद्धी फिरली आहे, राज्य ताब्यात घेऊ. कौसल्येचा मुद्दा तर त्याहून पेचाचा. वडील जसे गुरू तशी मीही, आणि मी तुला जायची परवानगी देत नाही. आता पित्याची आज्ञा की मातेची? राम उत्तरादाखल परशुरामाचं उदाहरण देतो, ज्यानं वडिलांच्या शब्दाखातर आईला, रेणुकेला, मारलं. ते ऐकताना कौसल्येला काय वाटलं असेल हे वाल्मीकींनी लिहिलेलं नाही. अरण्यकांडात सीताही रामाला टोकते: ज्यांच्याशी आपलं वैर नाही त्या राक्षसांना मारायचं वचन ऋषींना कशाला दिलंत? राम तिचं कौतुक करतो आणि वचनाला चिकटून राहतो. आणि उत्तरकांडात राजधर्माची पावती कोणाच्या नावावर फाटली, हे मराठी घरातल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

भूक लागल्यावरचा धर्म

‘आपद्धर्म’ हा शब्द आपण गणपतीत गुरुजी मिळाले नाहीत म्हणून मोबाइलवर मंत्र लावताना वापरतो. शांतिपर्वातला आपद्धर्म जरा वेगळ्या वजनाचा आहे.

बारा वर्षांचा दुष्काळ. विश्वामित्र भुकेनं कासावीस होऊन चांडाळांच्या वस्तीत पोचतात. रात्री एका झोपडीत कुत्र्याची तंगडी टांगलेली दिसते, ती चोरायला आत शिरतात. चांडाळ जागा होतो आणि महर्षीला धर्म समजावू लागतो: अहो, कुत्र्याचं मांस, तेही मागच्या भागाचं, तेही आमच्या घरचं, तेही चोरून? विश्वामित्र म्हणतात, मरण्यापेक्षा जगणं बरं, जगलो तर पुढे धर्म करता येईल. वाद चांगला लांबतो. शास्त्र सगळं चांडाळाच्या तोंडी आणि पोट विश्वामित्रांच्या बाजूनं, ही मांडणी ज्यानं केली तो मिश्कील असला पाहिजे. शेवटी विश्वामित्र तंगडी नेतातच. भीष्मांकडून ही कथा ऐकून युधिष्ठिर बेचैन होतो. एवढं चालत असेल तर मग वर्ज्य उरलं काय, असं त्याला वाटतं. त्याची बेचैनी खरी आहे. आपद्धर्म ही सवलत आहे, आणि सवलतीचा पास कोणालाच परत करावासा वाटत नाही.

ज्या पावत्यांबद्दल ग्रंथ बोलत नाही

कौशिकाला जो प्रश्न लावला तो सगळ्यांना लावला जातो असं मात्र नाही. द्रोणांनी अर्जुनाला शब्द दिला होता की माझ्या शिष्यांत तुझ्यापेक्षा वरचढ कोणी होणार नाही. निषादाचा मुलगा म्हणून ज्याला शिकवायचं नाकारलं तो एकलव्य रानात एकटा शिकून पुढे गेला. अर्जुनानं एकांतात गुरूंना शब्दाची आठवण करून दिली. गुरूंचा शब्द राहिला, आणि अंगठा गेला एकलव्याचा. हा तरी निदान सगळ्यांना माहीत आहे.

वारणावतातली निषादी कितीजणांना आठवते? लाक्षागृहातून निसटायच्या आधी युधिष्ठिर बेत सांगतो: पुरोचनाला, म्हणजे आपल्याला जाळायला दुर्योधनानं नेमलेल्या माणसाला, जाळू, इथे सहा जीव ठेवू आणि कोणाला कळू न देता निघून जाऊ. त्या रात्री कुंतीनं जेवण घातलं. एक निषाद बाई आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली, प्यायली, तिथेच झोपली. भीमानं आग लावली. सकाळी राखेत पाच पुरुष आणि एक बाई सापडली आणि नगरानं पांडवांसाठी शोक केला. तिचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत. तिच्या वाट्याला विदुर आला नाही, अर्धा-पाव असा हिशेबही कोणी मांडला नाही.

द्रोणपर्वात अश्वत्थामा मेला असं सांगताना युधिष्ठिर ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटतो. आपण त्यावरून ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो. श्लोकात शब्द आहेत ‘हतः कुञ्जर इति’, तेही अव्यक्त स्वरात. तोवर जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असं व्यास सांगतात. लाक्षागृह जळालं त्या रात्रीनंतरही तो रथ चार बोटं वरच होता, हे मला अजून पचत नाही.

तळ्याकाठी

वनवासाच्या अखेरीस द्वैतवनात एका हरणामागे धावून पाचही भाऊ तहानलेले. एकेक जण तळ्यावर पाणी आणायला जातो आणि परत येत नाही. शेवटी युधिष्ठिर जातो तर चौघे काठावर पडलेले. यक्ष प्रश्न विचारतो, हा उत्तरं देतो. यक्षप्रश्न म्हणून जी प्रश्नोत्तरं आपण ऐकतो त्यांत वाऱ्यापेक्षा वेगवान काय, गवताहून दाट काय, असलं बरंच कोड्यांसारखं आहे. खरी परीक्षा त्यानंतर आहे.

यक्ष म्हणतो, चौघांपैकी एकाला उठवतो, नाव सांग.

पुढे युद्ध आहे हे युधिष्ठिराला स्वच्छ माहीत आहे. दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम समोर पडलाय. ज्याच्या धनुष्यावर सगळी भिस्त तो अर्जुन पडलाय. राजधर्म, भावांची प्रतिज्ञा, द्रौपदीचे मोकळे केस, सगळं या दोघांपैकी एकाचं नाव घ्यायला सांगतं. तो म्हणतो, नकुल.

यक्षालाही कळत नाही. सावत्र भाऊ कशाला? युधिष्ठिर म्हणतो, ‘आनृशंस्य’ हा श्रेष्ठ धर्म. नृशंस म्हणजे क्रूर, आणि आनृशंस्य म्हणजे हातून क्रूरपणा घडू न देणं, दुसऱ्याचं दुखणं आपल्याला लागणं. मला दोन आया, कुंती आणि माद्री. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे. माद्रीचाही एक असू दे.

माद्री पांडूच्या चितेवर गेली त्याला कैक वर्षं झाली होती. तळ्याकाठी दुसरं कोणी नव्हतं. द्यूतसभेत भावांपैकी ज्याचं नाव त्यानं सगळ्यात आधी घेतलं होतं, तेच नाव त्यानं इथेही घेतलं.